दात काढायचाय, गोळ्या बंद करू का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. लकवा झालेल्या, झटके येणाऱ्या, हात थरथरणाऱ्या पेशंटला घेऊन येणारी माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. बरेच जण तर विचारतही नाहीत, गोळ्या बंद करूनच येतात. परवा बाजाराच्या दिवशी एक जण आईला घेऊन आला. "लकवा हाय न मायले, म्हून रक्त पातळ व्हाच्या गोया दोन दिवसांपासून बंदच ठेवल्या जी." चेहरा गृहपाठ करून आलेल्या पोरासारखा. मी दात न काढता आधी गोळ्या सुरू करायला लावल्या, तर बिचारा हिरमुसला. ऑटोचं येण्या-जाण्याचं भाडं अंगावर पडलं होतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो : आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका.

त्याला दोष देत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मीही रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन पाच दिवस बंद ठेवायला सांगायचो, शिकलोच तसं होतो. पण दाताच्या खड्ड्यातलं रक्त गॉज दाबून, टाका घालून, फारच झालं तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधाचा बोळा चावायला देऊन थांबवता येतं. गोळ्या बंद ठेवून मेंदूत गुठळी झाली, तर तिच्यावर बोळा कुठे दाबणार? रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट आणा. त्यातला आकडा साडेतीनच्या आत असला तर साधी दाढ सहसा निघते.

झटक्यांच्या, म्हणजे इकडच्या भाषेत मिरगीच्या गोळ्यांचं त्याहून कडक. एकोणीस वर्षांचा एक पोरगा हिरड्या दाखवायला आला होता. दात काढतील म्हणून सकाळपासून पोटात काही नाही, आणि उपाशीपोटी कशी घ्यायची म्हणून गोळीही नाही. खुर्चीवर बसला आणि दहा मिनिटांत झटका आला. तोंडातला आरसा काढला, ट्रे लांब सारला, खुर्ची आडवी करून त्याला कुशीवर वळवलं आणि घड्याळाकडे बघत उभा राहिलो. दोन मिनिटांत थांबला. पाचच्या वर गेला असता तर १०८ ला फोन केला असता. त्याचा काका मात्र नाकाशी लावायला चप्पल हातात घेऊन तयार होता, आणि "चमचा द्या, चमचा!" म्हणून ओरडत होता.

त्या पोराचे वरचे समोरचे दोन दात अर्धे तुटलेले होते, ते कशाने? आधीच्या एका झटक्यात घरच्यांनी दातखीळ उघडायला घातलेल्या चमच्याने. जीभ गिळली जात नाही हो. चावली जाते, ती बरी होते. तुटलेला दात परत उगवत नाही.

आणि हिरड्या? दोन दातांच्या मधून डाळिंबाच्या दाण्यांसारख्या फुगून आलेल्या, खालचे दात निम्मे झाकलेले. गावात सगळे म्हणत, खर्रा (सुपारी-तंबाखू) खातो. माय रडकुंडीला आली होती : "सुपारीचं खांडही खात नाही जी हा." खरंच खात नव्हता. तो त्याच्या झटक्यांच्या गोळीचा, फेनिटॉइनचा परिणाम. हे औषध १९३८ साली वापरात आलं आणि पुढच्याच वर्षी हिरड्या वाढत असल्याची नोंद झाली. घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना कमी-जास्त होतं, आणि दातांवर किटण असेल तर जास्तच. वाढलेली हिरडी कापता येते, पण औषध तेच आणि तोंड तसंच घाण राहिलं तर ती पुन्हा येते. म्हणून आधी दात साफ करून दिले, घासायला शिकवलं आणि मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, गोळी बदलता येईल का म्हणून. ती बदलायची की नाही हे त्यांनी ठरवायचं, मी नाही आणि काकाने तर नाहीच.

कंपवाताच्या पेशंटने लेव्होडोपाची गोळी घेऊन तासाभराने खुर्चीवर बसावं, त्या वेळी थरथर कमी असते. तेवढी वेळ मी राखून ठेवतो.

त्या लकव्याच्या आजीकडे परत येतो. डावी बाजू गेलेली. डाव्या गालात बोट फिरवलं तर भाकरीचा लगदा निघाला, तुरीच्या डाळीच्या सालीसकट. कालचा असावा. त्या बाजूला काही कळतच नाही, त्यामुळे जीभ तिथे घास शोधायला जात नाही. दाढ त्यानेच किडली होती, आणि हीच घाण श्वासनळीत गेली की न्यूमोनिया होतो. सून म्हणाली, चूळ भरायला लावलं की ठसका लागतो. मग चूळ नकोच. आजीला ताठ बसवा, हनुवटी जरा खाली, तुम्ही मागे उभ्या राहा, हरभऱ्याएवढी पेस्ट घ्या आणि शेवटी ओल्या फडक्याने गाल आतून पुसा. दातांच्या मध्ये मात्र बोट घालू नका. चावल्या गेलं की कळतं.

दहा दिवसांनी, गोळ्या चालू असतानाच, दाढ काढली. अर्ध्या तासात रक्त थांबलं. सुनेने येताना ब्रश आणला होता, दांड्यावर पोराच्या सायकलची रबरी मूठ चढवलेली. आजीने तो उजव्या हातात धरला, समोरचे चार दात घासले आणि थकली. बाकीचे सुनेने घासले.