सौदी-दुबईत काम सुटलं तर राजीनामा लिहून देऊ नका

नांदेड, परभणी, बीडकडची कितीतरी पोरं हैदराबाद नाहीतर मुंबईहून विमान धरून आखातात जातात. जाताना एजंटला किती दिले याचा हिशेब घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. काम सुटलं तर कंपनीकडून किती निघतात, हे मात्र कुणी विचारत नाही. कामगारांचा पैसा इथंच बुडतो, आणि बहुतेक वेळा तो एका कागदावर बुडतो.

कंपनीला माणसं कमी करायची असली की ऑफिसातून सांगणं येतं, "राजीनामा लिहून दे, लगेच खुरूज (देश सोडायचा शेवटचा व्हिसा) लावतो, तिकीट देतो." घरी जायची घाई असते, माणूस सही करतो. त्या सहीची किंमत आकड्यांत बघा.

सौदीच्या कामगार कायद्यात कलम 84 प्रमाणे नोकरी संपल्यावर पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा पगार मिळतो. समजा शेवटचा पगार 1,800 रियाल आणि नोकरी सात वर्षांची. पाच वर्षांचे 4,500, दोन वर्षांचे 3,600, एकूण 8,100 रियाल. हाच माणूस राजीनामा देऊन निघाला तर कलम 85 लागतं: दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांना एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांना दोन तृतीयांश, दहा वर्षांपुढे पूर्ण. म्हणजे त्याच्या हातात 5,400. एका कागदानं 2,700 रियाल गेले. वर कलम 77 ची भरपाईही गेली. सबळ कारण नसताना काढलं आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये भरपाईचा वेगळा आकडा ठरलेला नसला, तर मुदतीच्या कॉन्ट्रॅक्टला उरलेल्या मुदतीचा पगार मागता येतो, आणि तो दोन महिन्यांच्या पगारापेक्षा कमी देता येत नाही. राजीनामा दिला की काढलंच नाही म्हणायला कंपनी मोकळी.

दुबईचं गणित वेगळं आहे. दुबई ज्या देशात येते त्या यूएईचा (संयुक्त अरब अमिराती) नवा कायदा 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू झाला. त्यात एक वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी 21 दिवसांचा आणि पुढे 30 दिवसांचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो, पण फक्त बेसिकवर. राजीनाम्यानं इथं ग्रॅच्युइटी कापली जात नाही. खोच बेसिकमध्ये आहे. एजंट सांगतो "पगार 1,500 दिरहम", आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये बेसिक 800, बाकी अलाउन्स. चार वर्षांचे 800 च्या हिशेबानं 2,240 दिरहम होतात, 1,500 धरले असते तर 4,200 झाले असते. म्हणून बेसिकचा रकाना जायच्या आधी वाचायचा, सुटल्यावर वाचून उपयोग नाही.

राजीनाम्याचा फटका यूएईत दुसरीकडून बसतो. जानेवारी 2023 पासून तिथं बेरोजगारी विमा सक्तीचा आहे (घरकामगार सोडून). बेसिक 16,000 दिरहमपर्यंत असेल तर हप्ता महिन्याला 5 दिरहम. सलग 12 महिने हप्ता भरलेला असेल तर काम सुटल्यावर बेसिकच्या 60 टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. राजीनामा दिला किंवा शिस्तभंगावरून काढलं तर छदाम नाही. अर्ज काम सुटल्यापासून 30 दिवसांत करायचा आणि त्या काळात कायदेशीरपणे त्याच देशात असायला हवं. महिन्याला पाच दिरहम भरून दावा न करता परतणं म्हणजे हातचं सोडून देणं आहे.

पैसे कधी मिळायला हवेत? यूएईत 14 दिवसांत. सौदीत कंपनीनं काढलं तर एका आठवड्यात, आपण सोडलं तर दोन आठवड्यांत. न वापरलेल्या रजेचे पैसे वेगळे, तेही मागायचे. सौदीत परतीचं तिकीट कंपनीनं द्यायचं असतं. पासपोर्ट अडवून ठेवायचा हक्क दोन्हीकडे कुणालाच नाही.

दुसरा घातक कागद म्हणजे शेवटच्या हिशेबाचा. तो बहुधा अरबीत असतो आणि त्यात एक ओळ असते: माझे सगळे हक्क मिळाले, आता काही येणं नाही. रक्कम बँकेत पडल्याशिवाय त्यावर सही करू नये. करावीच लागली तर सहीशेजारी प्रत्यक्ष मिळालेली रक्कम आकड्यांत आणि तारीख आपल्या हातानं लिहावी, आणि तिथंच फोटो काढून घरी पाठवावा. पगार रोख घेणाऱ्यांची इथं फार अडचण होते. बँकेत जमा नसेल तर किती महिने थकले हे दाखवायला हातात काहीच उरत नाही.

तक्रार देश सोडण्याआधी करायची. सौदीत कामगार मंत्रालयाकडे ऑनलाइन अर्ज केला की आधी समेटाचा टप्पा असतो, कामाच्या 21 दिवसांचा. तिथं मिटलं नाही तर प्रकरण लेबर कोर्टात जातं. दावा नोकरी संपल्यापासून 12 महिन्यांत व्हायला हवा. यूएईत 2024 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांत. तक्रार न करता नुसतं कामावर जाणं थांबवणं ही सगळ्यात मोठी चूक. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा आहे तो मालक, पळून गेल्याची गैरहजेरी लावतो, तिला सौदीत हुरूब म्हणतात, आणि मग पैसे मागणाराच गुन्हेगार ठरतो. परतावंच लागलं तर दूतावासातून साक्षांकित करून कुणा भरवशाच्या माणसाला अधिकारपत्र द्यावं. यूएईत व्हिसा रद्द झाल्यावर थांबायची मुदत किती, हे सोबत्यांना विचारू नका, स्वतः तपासा. ती उलटली की रोज 50 दिरहम दंड चढतो.

इथल्या बाजूचं थोडं. ईसीआर पासपोर्टवर (ज्यावर कामाला जायला सरकारी मंजुरी लागते) ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलमधून रीतसर गेलेल्याचा प्रवासी भारतीय विमा असतो. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, आणि त्यात स्वतःची चूक नसताना मुदतीआधी काढलं तर परतीच्या विमानभाड्याची तरतूद आहे. पण कारण दूतावासानं प्रमाणित केलेलं लागतं, म्हणून तिथून निघण्याआधीच लेखी घ्या. व्हिजिट व्हिसावर नेऊन "तिकडे गेल्यावर बदलू" म्हणणारा एजंट हे सगळं संरक्षण काढून घेतो. नोंदणीकृत एजंटला फी 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढीच घेता येते. लाखाच्या पुढे मागणारा कायदा मोडतोय.

घरचे गावात बसूनही परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकू शकतात. ती दूतावासाकडे जाते. दूतावास कंपनीशी बोलतो, पण तो कोर्ट नाही, वसुलीचा हुकूम देत नाही. त्यामुळे तिथल्या कामगार खात्यातली तक्रार आणि मदद, दोन्ही सोबत चालवा. त्यासाठी घरात चार गोष्टी हव्यात: पासपोर्टची प्रत, इकामा (सौदीतलं राहण्याचं ओळखपत्र) किंवा यूएईतल्या एमिरेट्स आयडीचा फोटो, कॉन्ट्रॅक्टची सगळी पानं आणि कंपनीचं अचूक नाव. हे सगळं पोरगा जाण्याच्या दिवशी नाही, तर इकामा हातात पडला त्या आठवड्यात मागवून घ्या, आणि दरवेळी नूतनीकरण झालं की नवा फोटो जोडा.