कुणीच न लिहिलेलं उत्तर

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आत पाच माणसं, आणि खेळणाऱ्याने टाइप केलेली आज्ञा त्यांतलं कोण पाळणार हे गेम सांगत नाही. 'दार ढकल' लिहिलं की कुणाचे तरी हात पुढे होतात. कुणाचे, ते उत्तराच्या धाटणीवरून ओळखायचं. शाळकरी मुलगा तुटक बोलतो, नर्सला आधी मनगट आणि खांदा दिसतो, आजोबांचं प्रत्येक वाक्य जुन्या दिवसांत जाऊन येतं. टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर गेम, म्हणजे मजकूर वाचत आणि आज्ञा टाइप करत खेळायचे गेम, तपासणं हे माझं काम, त्यामुळे विचित्र गेम पुष्कळ पाहिलेत. पण या गेमवर माझा पहिल्यापासून जीव होता.

त्या दिवशी खेळायला आल्या त्या बाई दृष्टिहीन होत्या. स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर त्या कितीतरी वर्षं असे गेम खेळतात. सगळा कारभार मजकुराचा असल्यामुळे दृष्टिहीन खेळाडूंमध्ये या प्रकाराचे जाणकार बरेच आहेत, आणि ते चोखंदळही असतात. स्क्रीन रीडर पाचही माणसांना एकाच सपाट आवाजात वाचणार. आवाजाची काही मदत नसताना, केवळ वाक्यांच्या चालीवरून माणसं वेगळी कळतात का, एवढंच मला पाहायचं होतं. मी बाजूला बसून ट्रान्सक्रिप्ट वाचत होते.

माणसं त्यांना भराभर कळली. नोकरी गेलेला माणूस तर त्यांनी त्याच्या पहिल्याच वाक्यात पकडला. तो कर्ता टाळून बोलतो, हे गेमची लेखिका सोडून आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनी दार, बटणं, आरसा सगळं सोडून दिलं आणि लिहिलं, 'माफी माग'.

ही आज्ञा लेखिकेने कुठेच धरलेली नव्हती. पण गेम इन्फॉर्ममध्ये लिहिलेला आहे. ग्रॅहम नेल्सन यांनी १९९३ मध्ये आणलेल्या, असे गेम लिहिण्याच्या या प्रणालीत नेहमीच्या आज्ञांची तयार उत्तरं भरलेली असतात, आणि लेखकाने जिथे काही लिहिलं नाही तिथे ती आपोआप येतात. 'गा' म्हटलं तर तुमचं गाणं भयानक आहे असं ऐकवायचं, कुणाला मारायला गेलात तर हिंसा हे यावरचं उत्तर नाही म्हणायचं, अशी. माफीसाठीही एक उत्तर आहे. तेच आलं: 'अहो, माफी कसली मागता!'

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचून घेतली. मग म्हणाल्या, "हे आजोबा बोलले. म्हणजे नोकरी गेलेल्याने आत्ता त्यांची माफी मागितली. यांची जुनी ओळख दिसतेय."

गेममध्ये असं काहीही नव्हतं. त्यांनी पुन्हा 'माफी माग' लिहिलं. पुन्हा तीच ओळ, अक्षरन् अक्षर तीच. इतर कुठल्याही गेममध्ये एवढ्यावर खेळाडू समजतो की इथे पुढे वाट नाही. बाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. "बघा, ते ऐकूनच घेत नाहीयेत." उरलेला सगळा वेळ त्या या दोघांमागे होत्या. लिफ्ट सुटते की नाही, याची त्यांना फिकीर राहिली नव्हती.

नकारातून माणूस उभा करणं या क्षेत्राला नवं नाही. स्टीफन बाँड यांच्या 'रॅमसेस' (२०००) मध्ये नायक खेळाडूच्या आज्ञा धुडकावत राहतो, आणि ते धुडकावणं हाच त्याचा स्वभाव. अँड्र्यू प्लॉटकिन यांच्या 'स्पायडर अँड वेब' (१९९८) मध्ये तुम्ही खेळता ती चौकशीत दिलेली जबानी असते; ती पटली नाही की चौकशी करणारा मध्येच अडवतो. सॅम बार्लो यांचा 'आइल' (१९९९) तर एका आज्ञेत संपतो. पण हे सगळं लेखकांनी आखून केलेलं. आमच्याकडे बोलली ती यंत्रणा. इथली प्रत्येक ओळ कुणाची तरी आहे, हे आम्हीच बाईंना शिकवलं होतं, म्हणून त्या बेवारस ओळीलाही त्यांनी मालक शोधून दिला. मला हे विलक्षण वाटलं, अजूनही वाटतं.

लेखिकेला तसं वाटलं नाही. "हा योगायोग आहे," ती म्हणाली. "उद्या दुसरं कुणी 'गा' लिहील आणि त्याच लिफ्टमध्ये कुणीतरी गाण्याची टर उडवेल. वाचकाला आपण जे कबूल करतोय ते आपल्याकडे नाहीये." माफीची आज्ञाच काढून टाकावी, असं तिचं मत. तिची शंका खरी होती, उपाय मला पटेना. एखादा वाचक एवढ्या आतवर पोचला असताना ती वाट बुजवायची कशाला? आम्ही चांगल्याच भांडलो.

शेवटी तयार उत्तरांची सगळी यादी छापून काढली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत बसलो: ही या पाचांपैकी कोण म्हणेल? गाण्याची टर मुलाकडे गेली. 'थांब'वर येणारं 'वेळ जातो' नर्सच्या तोंडी आश्चर्य वाटावं इतकं चपखल बसलं. हिंसेचं वाक्य कुणालाच शोभेना, ते काढलं. 'तसं करता येणार नाही' याची पाच रूपं करावी लागली, आणि तेच सगळ्यात वेळखाऊ निघालं, कारण प्रत्येकाचं अडण्याचं कारण वेगळं.

माफीची ओळ तिने आहे तशी ठेवली. दुसऱ्यांदा मागितली तरी तीच येते. तिसऱ्यांदा आजोबा काय म्हणतात ते तिने नव्याने लिहिलंय, आणि बाईंनी खेळून पाहिल्याशिवाय मला वाचायला देणार नाही म्हणते.