उणे चिन्ह कुठे गेलं?

मी बीएस्सीला गणित शिकवते. नोट्स लाटेक या गणित नीट छापणाऱ्या प्रणालीत केलेल्या, पीडीएफ देखणी. त्याचा जरा गर्वच होता. मग दुसऱ्या वर्षाला एक अंध विद्यार्थिनी आली. आठवडाभरातच लॅपटॉप घेऊन स्टाफरूममध्ये हजर. "मॅडम, एकदा ऐकून बघा."

एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वर्गसमीकरणाचं सूत्र वाचत होता: "एक्स इक्वल्स बी बी टू फोर ए सी टू ए." उणे गायब, वर्गमूळ गायब, अपूर्णांकाची रेघही गायब. दहावीचं सूत्र, म्हणून तिला पाठ होतं. पुढची दोनशे पानं कुठून पाठ असणार?

दिवाळीची सुट्टी त्यातच गेली. पॅनडॉक या फाइलींचं रूप बदलणाऱ्या प्रोग्रामने लाटेकच्या फाइलींचं एचटीएमएल, म्हणजे वेबपानं केली; समीकरणं मॅथएमएल या वेबवर गणित लिहायच्या भाषेत. क्रोमला जानेवारी 2023 पासून ती थेट दाखवता येतात. एनव्हीडीएला मॅथकॅट हे गणित वाचून दाखवणारं अ‍ॅड-ऑन जोडलं आणि तेच सूत्र अंश, छेद, मूळ कुठे संपतं यासकट ऐकू आलं. बाण दाबत नुसत्या छेदात शिरता येतं, हे तिनेच मला दाखवलं. आकृत्या मात्र रूपांतरात गळाल्या. काहींचं वर्णन लिहिलं, काही आलेख पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने लोकर चिकटवून केले. हाताने लिहून स्कॅन केलेली दोन प्रकरणं नव्याने टाइप करावी लागली. तिथे माझी खरी चिडचिड झाली.

बाकीची मुलंही ती पानं मोबाइलवर वाचू लागली. पीडीएफ बोटांनी ताणत बसावं लागत नाही ना!

फाइली सुधारल्या, पण माझं तोंड सुधारायला वेळ लागला. फळ्याकडे वळून "हे इकडे नेलं, हे याने उडालं" म्हणायची वीस वर्षांची सवय. आता "दोन्ही बाजूंना लॅम्डाने भागलं" असं म्हणते. मागच्या बाकावरच्या एकाने सांगितलं, "मॅडम, आता फळा दिसला नाही तरी कळतं."

परीक्षेला लेखनिक मिळाला तो अकरावी कॉमर्सचा. सराव म्हणून त्याला जुनी प्रश्नपत्रिका वाचायला दिली. सिग्मापाशी अडखळला, मग धीर करून म्हणाला, "मोठा ई." मी त्याच्यासाठी चिन्हांच्या उच्चारांचं एक पान लिहायला घेतलं. सिग्मा पहिल्या ओळीत.