बुधवारची नोंद: मुले शिबिरात आहेत

दोन्ही मुले रविवारी ख्रिस्ती उन्हाळी शिबिराला गेली आणि शनिवारी परततील. मोबाइल घरीच ठेवण्याचा तिथला नियम असल्यामुळे त्यांची खबर कळत नाही, आणि हा नियम मुलांपेक्षा आम्हा पालकांनाच अधिक जड जात असावा. धाकट्याची ही पहिलीच वेळ. "करमले नाही तर लगेच न्यायला येऊ" असे त्याला सांगून ठेवावे, हा वडीलधाऱ्यांचा आग्रह आम्ही मुद्दाम मानला नाही. घराच्या ओढीविषयी 'पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात २००७ साली आलेल्या लेखातही असे आश्वासन टाळण्याचाच सल्ला आहे, कारण त्यामुळे आपल्याला हे जमणार नाही असे आई-वडिलांनी आधीच गृहीत धरले आहे, असा मुलाचा समज होतो.

सकाळी एकट्याने बायबलवाचन व मनन, मग उपासना आणि गटागटाने बायबल अभ्यास, दुपारी खेळ आणि पोहणे, रात्री शेकोटीभोवती गीते व साक्षी (आपल्या विश्वासाचे अनुभव सांगणे), असा तिथला दिनक्रम आहे. ही सांगड जुनी आहे. १८८५ साली समनर डडली यांनी न्यूयॉर्क राज्यात वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या काही मुलांना तळ्याकाठी नेऊन सुरू केलेले शिबिर पुढे जागा बदलून आजही चालू आहे. खेळ हे उपदेशासाठी लावलेले आमिष आहे, असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. दुपारच्या सामन्यात ज्याच्यावर चिडलो त्याच्याच शेजारी बसून रात्री प्रार्थना करावी लागली, की क्षमेविषयीचा सकाळचा पाठ केवळ पाठांतरापुरता उरत नाही.

आमच्या घरी रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना होते आणि तिच्यात मुले जे बोलतात ते बरेचसे आमचेच शब्द असतात. त्यात वावगे काही नाही. प्रार्थना शिकण्याचा दुसरा मार्ग मला तरी ठाऊक नाही. मात्र थोरली आता तेरा वर्षांची आहे, आणि आई ऐकत नसताना आपल्याला प्रार्थना करावीशी वाटते की नाही, हे तिचे तिला कळावे, एवढीच शिबिराकडून माझी अपेक्षा आहे.

म्हणूनच शेवटच्या रात्रीविषयी मन थोडे साशंक आहे. संदेशानंतर, ज्यांना प्रभूला जीवन समर्पित करायचे आहे त्यांनी पुढे यावे, असे आवाहन पुष्कळ शिबिरांत केले जाते. आठवडाभराची अपुरी झोप, निरोपाची हुरहुर, संगीत आणि शेजारची मैत्रीण उठली म्हणून उठणे, हे सारे एकत्र आल्यावर आपले अश्रू नेमके कशाचे, हे त्या वयाच्या मुलीला स्वतःलाही सांगता येणार नाही. असे निर्णय खोटेच असतात असे मी म्हणणार नाही, कारण आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, काही प्रौढ सभासद साक्ष देताना अशाच एखाद्या रात्रीपासून सुरुवात करतात. पण जी मुलगी जागेवर बसून राहिली तिचा विश्वास कमी, असा हिशेब कोणी मांडू नये. शनिवारी मी "पुढे गेली होतीस का?" असे विचारणार नाही, सकाळच्या मननात काय वाचले, एवढेच विचारीन.

काळजी घ्यायची ती निराळ्या गोष्टींची, आणि त्या आम्ही आधीच विचारून घेतल्या: कोणताही प्रौढ एखाद्या मुलासोबत एकटा राहत नाही ना, स्वयंसेवकांची पूर्वचौकशी होते का, औषधे कोणाच्या ताब्यात असतात. देवाच्या कामात असे प्रश्न विचारणे काहींना अप्रशस्त वाटते. मला तर ते तिथे अधिकच आवश्यक वाटतात. थोरलीची गटप्रमुख महाविद्यालयात शिकणारी, स्वतःची सुटी देऊन विनामोबदला आलेली मुलगी आहे, आणि तिने प्रत्येक प्रश्नाचे न रागावता, नेमके उत्तर दिले. आई-वडिलांना किंवा पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) जे विचारायला मुले बिचकतात, ते अशा ताईला सहज विचारतात. बायबलमध्ये देवाने शिक्षा म्हणून आणलेल्या नोहाच्या काळच्या जलप्रलयात बुडालेल्या लहान मुलांचा काय अपराध होता, हा थोरलीचा प्रश्न बरेच दिवस तसाच आहे आणि आमच्या उत्तराने तिचे समाधान झालेले नाही. तो तिने तिथे विचारला असेल तर बरे होईल.