मॉन्टगोमेरी ते सेल्मा : अलाबामाचा इतिहास पायी पाहताना

अलाबामा राज्याचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर राजधानी मॉन्टगोमेरीतील डेक्स्टर अव्हेन्यू हा जेमतेम किलोमीटरभराचा चढ गाडीतून न उतरता पाहण्यात अर्थ नाही. पायथ्याच्या कोर्ट स्क्वेअर परिसरात गुलामांचे लिलाव होत. याच चौकातील विंटर बिल्डिंगमधून एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टर या केंद्र सरकारच्या किल्ल्यावरील हल्ल्याच्या आदेशाची तार गेली आणि अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाला तोंड फुटले. तेथल्याच थांब्यावर १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडण्यास नकार दिल्याने या कृष्णवर्णीय महिलेला अटक झाली आणि त्यानंतर सुरू झालेला शहर बससेवेवरील बहिष्कार ३८१ दिवस टिकला.

चढाच्या माथ्यावर राज्याचे कॅपिटॉल, म्हणजे विधिमंडळाची इमारत आहे. जेफर्सन डेव्हिस यांनी फुटीर दक्षिणेचे (कॉन्फेडरेट राज्यांचे) अध्यक्ष म्हणून १८६१ मध्ये जेथे शपथ घेतली, तेथे पितळी तारा बसवलेला आहे आणि गव्हर्नर वॉलेस यांनी १९६३ मध्ये वर्णविभाजन कायम राखण्याची घोषणाही तेथूनच केली. त्या ताऱ्यापाशी उभे राहिले, की मार्टिन ल्यूथर किंग ज्याचे पाद्री होते ते विटांचे चर्च हाकेच्या अंतरावर दिसते. मला संग्रहालयांपेक्षा ही जवळीकच अधिक बोलकी वाटली. चर्च आतून पाहायचे असल्यास वेळ आधी ठरवून घ्यावी.

लिंचिंगच्या, म्हणजे जमावाने केलेल्या वर्णद्वेषी हत्यांच्या, बळींचे २०१८ मध्ये खुले झालेले स्मारक गावाच्या दुसऱ्या बाजूला आहे. टांगलेल्या आठशेहून अधिक पोलादी स्तंभांवरील नावे वाचायला निवांत वेळ हवा, म्हणून त्यासाठी सकाळ वेगळी ठेवावी; स्मारक आठवड्याचे सर्व दिवस उघडे नसते, त्यामुळे वार पाहूनच मुक्काम आखावा.

सेल्मा साधारण ८० किलोमीटरवर असून स्वतःची गाडी असल्याखेरीज जाणे अवघड आहे. तेथील एडमंड पेटस पुलाला कॉन्फेडरेट सेनानीचे नाव आहे, आणि याच पुलापलीकडे ७ मार्च १९६५ रोजी कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठी मॉन्टगोमेरीकडे निघालेल्या सुमारे सहाशे मोर्चेकऱ्यांवर लाठ्या आणि अश्रुधूर चालला. पूल मध्यभागी इतका उंच आहे, की समोरचे पोलीस माथा गाठेपर्यंत दिसत नाहीत. ही गोष्ट चालल्याशिवाय कळत नाही. मतदान हक्क कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला. परतताना महामार्ग ८० घ्यावा, म्हणजे मोर्चाच्याच वाटेने कॅपिटॉलकडे येता येते.

अटलांटाहून येणाऱ्यांनी घड्याळ एक तास मागे घ्यावे. शाकाहारी मंडळींनी पालेभाजी मागवण्यापूर्वीही चौकशी करावी, कारण येथे ती बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात.