दादांच्या ‘हो’वर मी अख्खा फॉर्म भरला होता

सोशल वर्कचं शिक्षण घेऊन बाहेर पडले तेव्हा मला एका गोष्टीची फार घमेंड होती, की आपल्याला बोलायला छान येतं. कोणाशीही पाच मिनिटांत गट्टी. बौद्धिक दिव्यांग लोकांबरोबर काम सुरू केलं आणि लक्षात आलं की माझा प्रॉब्लेमच तो आहे, मी फार बोलते.

एका निवासी संस्थेत चाळिशीतले एक गृहस्थ होते, त्यांना दादा म्हणू. त्यांना नवीन खोलीत हलवलं होतं आणि महिनाभराने रिव्ह्यू करायला मी गेले. "दादा, इथे बरं वाटतं ना?" हो. "सगळे नीट वागतात ना?" हो. "झोप लागते ना?" हो. हसून हो म्हणत होते, मी पण हसत टिकमार्क करत होते, फॉर्म दहा मिनिटांत पूर्ण. त्यानंतर आठवडाभरातच निरोप आला की दादा रात्री चप्पल फेकतात, ‘बिहेवियर’ सुरू झालंय, म्हणजे संस्थेच्या भाषेत त्रासदायक वागणं, डॉक्टरांना औषध वाढवायला सांगायचं का.

आमच्या सीनियर मॅडमनी फॉर्म वाचला आणि एवढंच म्हणाल्या, "जा, आता उलटं विचारून ये." मी गेले, विचारलं, "दादा, इथे त्रास होतो ना?"

"हो." तसंच हसून.

लाज वाटली खरं सांगायचं तर. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे काही नवीन नाही, अमेरिकेत 1981 साली याच्यावर रिसर्च पेपर आला होता, एकमेकांच्या उलट प्रश्नांना पण बरेच जण होच म्हणतात. आणि त्याचा अर्थ ते खोटं बोलतात असा नाही हं. आयुष्यभर ज्यांना नाही म्हटल्यावर ओरडा बसलाय, किंवा प्रश्न कळला नाही हे दाखवायची चोरी झालीये, त्यांच्यासाठी ‘हो’ ही समोरच्याला लवकर खूश करून सुटका करून घ्यायची जागा आहे. त्यात आपली मराठी अशी की प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ लावल्याशिवाय आपल्याला प्रेमाने बोलल्यासारखंच वाटत नाही. ‘आवडतं ना’, ‘जाऊया ना’, ‘समजलं ना’. उत्तर आपणच देऊन टाकलेलं असतं, समोरच्याने फक्त मान हलवायची. हा ‘ना’ काढायला मला वर्ष लागलं, अजून अधूनमधून निसटतोच.

मग हो-नाही सोडून ‘हे की ते’ विचारायला लागले, तर तिथे वेगळीच गंमत, बरेच जण शेवटी जे ऐकलं तेच सांगतात. त्यामुळे थोड्या वेळाने क्रम उलटा करून परत विचारायचं, उत्तर तेच आलं तर ठीक, बदललं तर प्रश्न पोचलेला नाही.

दादांसाठी शेवटी आम्ही फोटो वापरले. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग युनिव्हर्सिटीतून ‘टॉकिंग मॅट्स’ नावाची पद्धत आली, त्यात एका चटईवर आवडतं, ठीकठाक आणि नाही आवडत अशा तीन जागा असतात आणि माणूस चित्रं उचलून त्या त्या जागी ठेवतो. आमच्याकडे ती नव्हती, आम्ही टेबलावर चिकटपट्टीने तीन चौकोन केले आणि त्यांच्याच खोलीतल्या वस्तूंचे, खोलीतल्या माणसांचे फोटो काढून आणले. चित्रं नाही, खरे फोटो, कारण काही जणांना रेघांचं पलंगाचं चित्र म्हणजे आपला पलंग हे जुळत नाही. कपाट आवडतं. शेजारचा माणूस, बराच वेळ फोटो हातात धरून, आवडतं. खिडकी ठीकठाक. पलंगाचा फोटो मात्र त्यांनी थेट ‘नाही’मध्ये ठेवला, ठेवला काय, आपटलाच. मी लगेच "का?" विचारलं, जो सगळ्यात निरुपयोगी प्रश्न आहे, ‘का’चं उत्तर द्यायला केवढं काय काय डोक्यात जुळवावं लागतं. ते गप्प. मला बोलायचं होतं पण मॅडमनी सांगितलं होतं मनात दहा आकडे मोज, मोजले, संपले, परत मोजले. दादा उठले, खोलीत गेले, पलंगावर आडवे झाले आणि डोळ्यांवर कोपर ठेवलं.

दारावरच्या काचेतून पॅसेजमधला ट्यूबलाइट बरोबर उशीवर येत होता. चप्पल ते त्या काचेवर मारत होते, कोणी नीट बघितलंच नव्हतं.

पलंग फिरवला, काचेला कागद लावला. औषध वाढवलं नाही. चप्पल फेकणं एकदम बंद झालं असं नाही, महिन्यातून एखाद वेळी अजून होतं आणि दर वेळी कारण सापडतंच असंही नाही. पण आता आधी दात, कान, पोट दुखतंय का बघतो. अपंगत्वामुळेच असं करतो म्हणायचं आणि खरं दुखणं राहून जायचं, हे इतकं कॉमन आहे की इंग्रजीत याला 1982 पासून वेगळं नावच आहे. आणि ऐकू येतं का हे तपासायचं, डाऊन सिंड्रोम असलेल्यांमध्ये तर नक्कीच, त्यांच्यात कमी ऐकू येणं बरंच आढळतं आणि आपण ‘कळत नाही’ म्हणून मोकळे होतो.

शब्दांचं सांगायचं तर आपली भाषा अवघड आहे हो! ‘परवा’ बघा. होऊन गेलेला पण परवा आणि येणारा पण परवा. "आई परवा येणार" सांगितलेली एक मुलगी आई येऊन गेली असं समजून रडत बसली होती. तेव्हापासून मी दोन वेळा झोपायचं, मग आई, असं कॅलेंडरवर बोट ठेवून सांगते. "तुमची फाईल वर गेलीय" म्हटल्यावर एकांनी छताकडे बघितलं होतं, त्यात चूक त्यांची नव्हती. आणि ‘बघू’ हा शब्द तर मी बंदच केलाय. आपण बघू म्हणतो तेव्हा आपल्याला नाही म्हणायचं असतं, त्यांना मात्र तो शब्द दिल्यासारखा वाटतो.

"समजलं?" असं विचारत नाही, कारण उत्तर माहितीच आहे. "आता आपण काय करणार, मला सांगा" म्हणते, किंवा दाखवा म्हणते. आणि मला त्यांचं बोलणं कळलं नाही तर हं हं करत नाही, कळलं नाही म्हणून सांगते, परत दाखवायला लावते. दोघं वैतागतो कधीकधी. चालतं.

अजून एक, जे माझ्या डोक्यात जातं. पन्नाशीच्या माणसाला ‘अरे बाळा, शहाणा ना तू’. सोपं बोलणं आणि बोबडं बोलणं यात फरक आहे. वाक्य लहान करा, माणूस लहान करू नका. आणि घरचे शेजारी बसलेत म्हणून प्रश्न त्यांच्याकडे बघून विचारायचा नाही, "हा काय म्हणतो?" असं तर अजिबात नाही. घरच्यांना खूप माहिती असते, त्यांच्याशी बोलायचंच, पण नंतर किंवा त्या माणसाला विचारून. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारात ‘संवाद’ म्हणजे काय याच्या व्याख्येत सोपी भाषा पण धरलीये, म्हणजे ही आपली मेहेरबानी नाहीये.

मागच्या रिव्ह्यूला दादांच्या खोलीत गेले, पलंगाकडे हात केला आणि विचारलं, "मी इथे बसू?" ‘ना’ न लावता. थांबले. बराच वेळ गेला.

"नाही."

मग उभ्यानेच बोललो.