पन्नास युरोची अदलाबदल

महिन्यातून एकदा, ऑफिस सुटल्यावर, मी म्युनिकमधल्या आमच्या वस्तीतल्या एका छोट्या सभागृहात जाते. पर्समध्ये 50 युरोची कोरी नोट. तिथे लांब टेबल मांडलेलं असतं, चहाचा थर्मास असतो आणि आश्रय मागायला आलेली माणसं रांगेत उभी असतात. प्रत्येकाच्या हातात सुपरमार्केटचं 50 युरोचं व्हाउचर. ते व्हाउचर मी घ्यायचं आणि माझी नोट त्यांना द्यायची. संपला व्यवहार. दानधर्म नाही, उपकार नाही. मला तसंही त्या दुकानातून दूध-ब्रेड आणायचंच असतं.

मागच्या दिवाळीत कोल्हापूरला हे सांगितलं तर काकांनी विचारलं, "अगं, पण त्यांच्याकडे व्हाउचर घ्यायला पैसे आहेत, मग नोट कशाला हवी?" प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला आणि तोवर फराळ संपला. म्हणून आता लिहूनच काढते.

म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात 2024 पासून आश्रयार्थींना सरकारी मदत रोख मिळत नाही, ती एका कार्डावर जमा होते. बेत्सालकार्टे म्हणतात त्याला, म्हणजे पेमेंट कार्ड. दिसायला आपल्या डेबिट कार्डासारखंच, पण त्यातून प्रौढ माणसाला महिन्याला फक्त 50 युरो रोख काढता येतात. परदेशी पैसे पाठवता येत नाहीत, ऑनलाइन खरेदी जवळजवळ बंद, आणि कार्ड कुठल्या भागात चालावं तेही कार्यालय ठरवू शकतं. सरकारचं म्हणणं असं, की इथला पैसा माणसं चोरून आणणाऱ्या दलालांकडे किंवा मायदेशी जाऊ नये. आता जर्मनी हा रोखीचा देश आहे हे इथे राहिल्याशिवाय पटत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत आजही 'फक्त रोख' अशी पाटी आहे. जुन्या बाजारात तीन युरोचा स्वेटर घ्यायचा तर कार्ड कोण घेणार? मुलाच्या शाळेच्या सहलीची वर्गणी बाई पाकिटात मागतात. वकिलाचा हप्ता असतो. म्हणून ही माणसं कार्डावर व्हाउचर घेतात आणि आमच्यासारखे लोक ते रोखीत बदलून देतात. सरकारला हा प्रकार अजिबात आवडलेला नाही. मला सरकारचा राग समजतो, पण बेकरीवालीला तो कोण समजावणार?

लोकांना वाटतं, युरोपात आलं की लगेच घर, पगार, सगळं फुकट. व्हॉट्सॲपवर तर 'आपल्या टॅक्सवर मजा' असे मेसेज आपलेच मराठी लोक पाठवतात. तर मजेचा हिशोब सांगते. सामूहिक निवासात राहणाऱ्या एकट्या प्रौढासाठी 2025 चा दर महिन्याला 397 युरो होता, आणि जेवण किंवा इतर काही वस्तुरूपात मिळत असेल तर ते त्यातून वजा. 1993 च्या कायद्याने ही रक्कम साध्या सामाजिक मदतीपेक्षा मुद्दाम कमी ठेवली होती आणि जवळजवळ वीस वर्षं ती वाढवलीच नाही. शेवटी जुलै 2012 मध्ये कार्ल्सरुहच्या घटना न्यायालयाने सरकारला सुनावलं, की लोकांनी इकडे येऊ नये म्हणून माणसाची प्रतिष्ठा स्वस्त करता येणार नाही. तेव्हा कुठे दर वाढले.

कुठे राहायचं तेही आपल्या हातात नसतं. माणूस बर्लिनला उतरला तरी त्याला बव्हेरियात पाठवू शकतात. कुठल्या राज्याने किती माणसं घ्यायची हे ठरवायला क्योनिगस्टाइन नावाचं एक सूत्र आहे: दोन तृतीयांश वजन राज्याच्या करउत्पन्नाला, एक तृतीयांश लोकसंख्येला. मला हे सूत्र आवडतं, अगदी जर्मन आहे. फक्त त्या सूत्रात तुमचा मावसभाऊ हॅम्बुर्गला राहतो या गोष्टीला जागा नाही.

बव्हेरियात आधी 'अँकर', म्हणजे नांगर, नावाच्या केंद्रात जावं लागतं. ऑगस्ट 2018 पासून ही केंद्रं आहेत. आगमन, निर्णय आणि परत पाठवणी या तीन जर्मन शब्दांची आद्याक्षरं जोडून ते नाव केलंय. नांगराचं नाव द्यायचं आणि त्यात परत पाठवणीही घालायची, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? सगळी कार्यालयं एका आवारात, म्हणजे निर्णय लवकर, अशी कल्पना. अल्पवयीन मुलं असलेल्या कुटुंबांना तिथे जास्तीत जास्त सहा महिने, बाकीच्यांना साधारणपणे दीड वर्षापर्यंत ठेवता येतं. डोक्यावर छप्पर आहे, गादी आहे, हीटर आहे, तीन वेळचं जेवण आहे. हे कमी नाही, मी स्वतः पाहिलंय. पण स्वयंपाक करता येत नाही.

एक अफगाण बाई मला म्हणाली (जर्मन ती माझ्यापेक्षा बरं बोलते, हे इथे नमूद करायलाच हवं), "जेवण वाईट नाही. पण माझ्या मुलाला वाटतं, जेवण गाडीतून येतं." बोलणं तिथेच थांबलं, कारण तिचा नंबर लागला. नंतर बसमध्ये मला आमचा ओटा आठवत राहिला. आईची फोडणीची पळी, लसणाची चटणी, 'चव बघ गं जरा' म्हणून तळहातावर दिलेला थेंब.

दाताची गोष्टही सांगते. कायद्याने त्यांना उपचार मिळतात ते मुख्यतः अचानक उद्भवलेल्या आजारावर आणि वेदनेवर. बाळंतपण, लसीकरण हे पूर्ण मिळतं, त्यात कुचराई नाही. पण बव्हेरियात डॉक्टरकडे जायच्या आधी सामाजिक मदतीच्या कार्यालयातून एक कागद आणावा लागतो. म्हणजे तुम्हाला किती दुखतंय हे आधी कारकुनाला सांगायचं. रांगेतल्या एका सुदानी मुलाची दाढ अशी दोन आठवडे फिरली आणि शेवटी उपटली गेली. ब्रेमेन राज्याने 2005 पासूनच आश्रयार्थींना इतरांसारखं आरोग्य कार्ड दिलं, पुढे हॅम्बुर्ग आणि बर्लिननेही दिलं. देश एक, कायदा एक, आणि दाढ वाचणार की नाही ते त्या वर सांगितलेल्या सूत्रावर.

"मग काम का करत नाहीत?" हा काकांचा पुढचा प्रश्न. करू देत नाहीत म्हणून. सुरुवातीचे काही महिने नोकरीला बंदी असते आणि त्यानंतरही परवानगी लागते. मधल्या काळात केंद्रातच झाडलोट, वाढप, कपडे धुणं अशी कामं देतात, त्याचा मोबदला तासाला 80 सेंट. जर्मनीतलं किमान वेतन 2025 मध्ये तासाला 12.82 युरो होतं. तो सुदानी मुलगा ही कामं आनंदाने करतो. पैशासाठी नाही, "दिवस संपतो" म्हणून.

मी 2016 मध्ये इथे आले. त्याच्या आदल्या वर्षी, 5 आणि 6 सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी, म्युनिकच्या मुख्य स्टेशनावर सुमारे 20 हजार माणसं उतरली होती आणि शहराने पाणी, केळी, खेळणी घेऊन टाळ्या वाजवत त्यांचं स्वागत केलं होतं. माझी शेजारीण, फ्राऊ म्हणूया नुसतं, तेव्हा तिथे सॅंडविच वाटत होती. आता ती म्हणते, "खूप झाले." आणि तरीही दर महिन्याला माझ्याबरोबर व्हाउचर बदलायला येते. दोन्ही खरं आहे, मी तिच्याशी वाद घालत नाही.

इथे राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी मलाही परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जावं लागायचं. ब्लू कार्डवाल्या, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेल्या आम्ही आणि ते, दोघांच्याही हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, दोघांच्याही पोटात तोच गोळा. फक्त माझ्या फोल्डरमध्ये कंपनीचं पत्र होतं.

आम्ही कोल्हापूरचे, म्हणून मला हे सगळं अगदीच परकं वाटत नसावं. गांधीनगरची कापडपेठ सगळ्यांना माहीत आहे. तिथे 1943 ते 48 या काळात वळिवडे कॅम्प होता, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांचा, बहुतेक बायका आणि मुलं. ते गेले आणि फाळणीत घर गमावलेले सिंधी आले. माझी आजी सांगायची, पोलिश बायका भाजी घ्यायला यायच्या, बोटांवर भाव करायच्या आणि चार आण्यांसाठी हुज्जत घालायच्या. आजीला त्याचं हसू यायचं. या टेबलाशी उभी राहिले की मला ती हुज्जतच आठवते. कार्डाने हुज्जत घालता येत नाही.

या वेळी माझी नोट त्या अफगाण बाईने घेतली. काय करणार, मी विचारलं नाही, पण तिनेच सांगितलं: जुन्या बाजारात कुणीतरी वीस युरोला विजेची शेगडी विकतोय, केंद्रात चालत नाही, पण पुढच्या महिन्यात त्यांना दुसऱ्या निवासात जागा मिळणार आहे, तिथे सामायिक स्वयंपाकघर आहे. शेगडी असलेली बरी.

माझ्याकडे आता त्या सुपरमार्केटची तीन व्हाउचरं साठली आहेत. तिथे तूरडाळ मिळत नाही, लाल मसूर मिळतो. इंडियन स्टोअरमध्ये ती व्हाउचरं कोण घेणार? गेले पंधरा दिवस आमच्याकडे मसुराची आमटी आहे आणि नवरा विचारतोय, अजून किती दिवस.